गारठ्याविरुद्ध साक्ष

रेडिओवर थंडीच्या लाटेचा अंदाज आला की माझ्या पोटात ढवळायला लागतं. थंडीमुळे नाही, तिच्याशी आमचं जन्मापासून जमतं. मला मळमळतं ते अंदाजाच्या मागोमाग येणाऱ्या गाड्यांमुळे, त्यांच्यातल्या लाल ब्लँकेटांमुळे आणि त्या ब्लँकेटांसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या तोंडांमुळे. त्यातलं एक तोंड माझं होतं, रांगेच्या अगदी पुढे, कारण त्या वर्षी च्यारपाता गावाचा कारभारी मीच होतो.

पण सांगायचंय ते सेफेरिना मावशीबद्दल. माझ्याबद्दल मध्ये मध्ये येईलच, टाळता येण्यासारखं नाही.

सेफेरिना चांबिया हे तिचं पूर्ण नाव. सत्तरी कधीच ओलांडली असेल. वय विचारलं तर म्हणते, "दात मोज आणि काय ते तूच ठरव." गावात सगळे तिला मावशीच म्हणतात, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला सुतारसुद्धा. तिचा जन्म जूनमधला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला, तोही घरात नाही, वरच्या पठारावर. तिची आई बटाटे तुडवत होती आणि तुडवता तुडवताच कळा सुरू झाल्या. मावशी सांगते, "मी गारठ्यात पडले. त्याने मला हुंगलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून आमची ओळख."

नवरा तरणाताठा असताना जस्ताच्या खाणीवर गेला. दोनदा निरोप आला, एकदा पीठ आलं, मग तिकडच्याच एका बाईशी त्याने घरोबा केल्याची बातमी आली. मावशीने त्याची टोपी शेळीच्या पिल्लाखाली अंथरली आणि विषय संपवला. दोन मुली खाली ताक्ना शहरात कपड्यांच्या बाजारात बसतात. त्या सारख्या म्हणतात, आई, खाली ये, इथे ऊब आहे. एकदा गेलीसुद्धा. आठव्या दिवशी परत आली. मी विचारलं, काय झालं मावशी, जावई काही बोलला का? तर म्हणे, "जावई बरा आहे रे. पण तिथे रात्री काही घडतच नाही. नुसतं झोपायचं."

आमच्याकडे रात्री काय घडतं ते सांगायला हवं. खाली तळ्याकाठी गोडा बटाटा पिकतो. आमच्या उंचीवर पिकतो तो कडू. नुसता उकडून खाल्ला तर जीभ आखडते आणि रात्रभर पोट धरून बसावं लागतं. त्याचं अन्न करण्याचं काम गारठ्याचं. जूनमध्ये, सान हुआनच्या सणाच्या आगेमागे, आम्ही हे बटाटे पठारावर एकाशेजारी एक पसरतो आणि ओळीने तीन रात्री त्यांना कडक गारठा खाऊ देतो. मग सकाळच्या उन्हाने ते सैल पडले की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, सालं सोडवायची आणि पंधरा दिवस वाळवायचं. शेवटी हातात येतो तो चुन्यो. काळा, हलका, गोटीसारखा टणक. दहा वर्षं घरात ठेवा, कीड लागत नाही. वर्षभर सकाळ-संध्याकाळ आमच्या ताटलीत तोच असतो.

तीन रात्री लागतातच. एकच मिळाली आणि मग आभाळ आलं तर बटाटा ना इकडचा ना तिकडचा. आतून तपकिरी पडतो, चिकट पाणी सोडतो, नासतो. म्हणून कुठल्या रात्रीपासून पसरायचं, हा आमच्या गावातला वर्षाचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मावशीकडे असतं. जूनचा पहिला दिवस उजाडला की ती रोज संध्याकाळी एक बटाटा, एकच, अंगणाच्या भिंतीवर ठेवते. सकाळी उठून तो दाताने फोडते, चावते आणि थुंकते. मग कधी मान हलवते, कधी शिवी देते. दाताखाली येणाऱ्या आवाजावरून तिला पुढच्या चार रात्री कळतात, असं ती म्हणते. मी एकदा हट्टाने चावून पाहिला. मला फक्त मातीची चव लागली.

"ऐकू आला का आवाज?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"मग तू कारभारी हो. त्याला ऐकू आलं नाही तरी चालतं."

आणि झालोही. कारभार आमच्याकडे घरोघर फिरतो, एकेक वर्ष, नवरा-बायकोला मिळून. जानेवारीत माझ्या खांद्यावर चाबूक आला आणि माझ्या बायकोच्या, बासिलियाच्या, खांद्यावर काळी शाल आली. त्या वर्षभरात चाबूकवाल्याचा शब्द मोडायचा नाही, अशी रीत आहे. त्याच्या आजीनेही मोडायचा नाही. रीत चांगली आहे. चाबूक माझ्यासारख्याच्या खांद्यावर येतो, हे वाईट.

त्या जूनमध्ये रविवारी सकाळी रेडिओवर अंदाज आला. डोंगराळ भागात बुधवारपासून सात दिवस थंडीची तीव्र लाट, पारा उणे अठरापर्यंत उतरणार, नागरिकांनी काळजी घ्यावी. त्याच सकाळी मावशी भिंतीपाशी उभी राहून बटाटा थुंकत होती. मला पाहून म्हणाली, "बुधवारी पसरा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी आभाळ येणार."

"मावशी, रेडिओ सात दिवस म्हणतोय."

"रेडिओ चुन्यो खातो का?"

बुधवारी त्रेसष्ट घरांनी आपापले बटाटे लामा जनावरांच्या पाठीवर लादून पठारावर नेले. संध्याकाळपर्यंत सगळं पठार भरून गेलं. पाऊल ठेवायला जागा उरली नाही, मावशी तर पायाच्या बोटांवर चालत होती. रात्र हवी तशी पडली. गुरुवारी पहाटे मी गेलो तेव्हा बटाटे दगडासारखे झाले होते, एकमेकांवर आपटले की टक्क वाजत होते. मावशी उकिडवी बसून कोकाची पानं चघळत होती आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू नातू झालाय. मी सांगतो, त्या सकाळी त्रेसष्ट घरांत एकाही माणसाला थंडीचं दुःख नव्हतं. आम्ही तिची वाट पाहत होतो.

दुपारी दोन ट्रक आणि एक जीप आली.

जीपमधून इंजिनियर ओस्वाल्दो उतरला. त्याने कसलं इंजिनियरिंग केलंय कुणास ठाऊक, आमच्याकडे स्वच्छ बूट घालून येणारा प्रत्येक जण इंजिनियरच असतो. त्याच्याबरोबर शहरातली चाळीसेक पोरंपोरी, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची जाकिटं. ट्रकमध्ये लाल ब्लँकेटं. दर वर्षी येतात तीच. पातळ, निसरडी, अंगावर घेतली की अंधारात ठिणग्या उडतात आणि एकदा धुतली की निम्मी होतात. त्यांच्यापेक्षा त्यांच्यावर लावायचा फलक जाड होता. शाळेच्या अंगणात तो बांधायला त्यांना तासभर लागला, आणि तो तासभर आम्ही सगळं गाव रांगेत उभे.

आमच्या घराघरात मेंढीच्या लोकरीची, हाताने विणलेली घोंगडी आहेत, एकेक एवढं जड की अंगावर घेतल्यावर कूस बदलायची तर विचार करावा लागतो. तरी उभे राहिलो. फुकट मिळतंय म्हटल्यावर पाय आपोआप जातात. मला आमचीही किळस येते ती यासाठी.

"कारभारी, गावात सगळ्यात म्हातारी बाई कोण?" इंजिनियरने विचारलं. "पहिलं ब्लँकेट तिला देऊ. फोटो काढायचाय."

मी पठारावर गेलो. टेकडी ओलांडून अर्ध्या तासाची वाट. मावशी एकटीच राखणीला बसली होती.

"मावशी, चल खाली. तुझा फोटो काढतायत."

"का? मी हरवले का?"

"ब्लँकेट देतायत."

"त्यांना सांग, मला आधीची चार आहेत. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलीयत. कोंबड्यांनाही आवडत नाहीत."

"एवढं करच. त्यांचा मान राहील, माझाही राहील."

"आणि यांच्यापाशी कोण बसेल?"

"दिवसाउजेडी बटाट्यांना काय होतंय, मावशी? तासाभरात परत येशील."

ती उठली. घागरा झटकला आणि माझ्यामागून आली. ती आपणहून गेली नव्हती, मी तिला तिथून उठवलं, हे मी आधीच सांगून टाकतो.

तास कसला, दिवस कलला. फोटोवाला मागच्या गाडीत होता आणि मागची गाडी वाटेत अडकली होती. तोपर्यंत त्या पोरांना काम नव्हतं, म्हणून इंजिनियरने त्यांना सांगितलं, जरा गाव बघून या. पोरं निघून गेली. आम्ही रांगेतच. फोटोवाला आला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मावशीच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं, कारण पहिल्या वेळी फलक नीट दिसत नव्हता. इंजिनियर तिला म्हणाला, "आजी, जरा थंडी वाजल्यासारखं करा." मावशी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तोच चेहरा मग पेपरात छापून आला, आणि त्याखाली लिहिलं होतं, थंडीने गोठलेली असहाय वृद्धा.

सगळ्यांना ब्लँकेटं मिळेपर्यंत अंधार पडला. मावशीला एवढ्या अंधारात टेकडी चढू देईना बासिलिया, तिने तिला आमच्या घरी ठेवून घेतलं. रात्र कडक पडली. आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या खूश होतो, दुसरी रात्र मिळाली म्हणून.

शुक्रवारी उजाडताच मी, मावशी आणि बासिलिया टेकडी चढलो. माथ्यावर पोचलो. पठार दिसतच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं प्लास्टिक पसरलेलं, त्याखाली लाल ब्लँकेटं, आणि कडांवर उडू नयेत म्हणून नीट मापात दगड ठेवलेले. पठाराखालच्या वाटेत अडकलेल्या त्या मागच्या गाडीतला सगळा माल पोरांनी आमच्या बटाट्यांना पांघरला होता.

मावशी वाकली, प्लास्टिकखाली हात घातला आणि बाहेर काढला. हात ओला होता. रात्रभर त्या बटाट्यांना गारठा शिवला नव्हता. आदल्या रात्रीचा जो होता तोही सुटत चालला होता.

इंजिनियर पोरांना घेऊन तिथेच होता. खुशीत. त्या पोरांमध्ये एक फियोरेला म्हणून मुलगी होती, तिचे हात दगड उचलून उचलून फुटले होते. ती धावत आली आणि मावशीचा तो ओला हात धरून म्हणाली, "आजी, काल आम्ही इथे आलो आणि बघतो तर तुमचं सगळं पीक उघड्यावर. काही तर गोठलेसुद्धा होते. घाईत न्यायचे राहिले असतील. आम्ही अंधार पडेपर्यंत झाकत होतो." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. त्या पोरीचा मला राग आला नाही, येतही नाही.

मावशी तिला म्हणाली, "पोरी, तू चांगली आहेस. आता हे काढ."

"काढू?" पोरगी गोंधळली. तिने इंजिनियरकडे पाहिलं.

मी त्याला समजावलं. कडू बटाटा, तीन रात्री, चुन्यो, सगळं सांगितलं. तो डोंगरातलाच, त्याची आजीसुद्धा आमच्यासारखीच चुन्यो तुडवत असणार. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की पहिल्या वाक्यालाच त्याच्या लक्षात आलं. त्याने एकदा त्या चाळीस पोरांकडे पाहिलं, एकदा फोटोवाल्याकडे, आणि माझ्या खांद्याला धरून मला बाजूला घेतलं.

"कारभारी, आज संध्याकाळी मोठे साहेब येतायत हे बघायला. एवढं पीक वाचवलं म्हणून. आता काढलं तर पोरांना काय वाटेल? आणि अंदाज सात दिवसांचा आहे. पाच रात्री अजून बाकी आहेत तुमच्या. एक दिवस थांबलात तर काय बिघडतं? तुमच्या अल्पाकांच्या गोठ्याचं मी साहेबांच्या कानावर घालतो."

त्या लोकरीच्या जनावरांसाठी गोठा मी तीन वर्षं मागत होतो. तेही सांगून टाकतो.

मी परत आलो तेव्हा मावशीने प्लास्टिकची कड उचलली होती आणि बासिलिया दगड बाजूला करत होती. मागून गावातली माणसं येत होती. मी खांद्यावरचा चाबूक सारखा केला.

"एक दिवस थांबू," मी म्हणालो. "उद्यापासूनही तीन रात्री मिळतील. अंदाज सात दिवसांचा आहे."

"आजची रात्र शेवटची आहे," मावशी म्हणाली. "उद्या आभाळ."

"रेडिओ तसं म्हणत नाही."

तिने हळूच विचारलं, "हे कारभारी म्हणून सांगतोयस की इलारियो म्हणून?"

इलारियो म्हणून म्हणालो असतो तर तिने मला चपलेने हाणलं असतं आणि प्लास्टिक काढलं असतं. सगळं गाव तिच्या बाजूने उतरलं असतं.

"कारभारी म्हणून," मी म्हणालो.

तिने कड खाली सोडली. दगड उचलून होता तिथे परत ठेवला.

मोठे साहेब शुक्रवारी आले नाहीत. निरोप आला, उद्या येतील, काही हलवू नका. दिवसभर ऊन रणरणत होतं. आमच्याकडचं ऊन थंडीतही कातडी सोलतं, आणि वर प्लास्टिक, खाली ब्लँकेट. दुपारी मी कडेला हात लावला तर आत वाफ धरली होती. शुक्रवारची रात्र त्या जूनमधली सगळ्यात कडक रात्र होती. आमच्या अंगणातली घागर फुटली. मी जागा होतो. घागर फुटल्याचा आवाज ऐकला आणि कूस बदलली.

शनिवारी दुपारी साहेब आले, दहा मिनिटं थांबले, फोटो निघाले, गेले. गोठ्याचा विषय कुणी काढला नाही. गाड्यांची धूळ खाली बसायच्या आत तळ्याकडून ढग वर चढायला लागले. त्या रात्री चांदणी दिसली नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी रेडिओ म्हणाला, थंडीची तीव्रता अपेक्षेपेक्षा लवकर ओसरली आहे.

साहेबांच्या गाड्या गेल्यावर आम्ही प्लास्टिक काढलं तेव्हाचं मला लिहवत नाही, पण लिहितो. आधी वास आला. मेलेलं जनावर चार दिवस उन्हात पडलं तर येतो तसा, त्यात काहीतरी गोडसर मिसळलेला. बटाटे काळपट, लिबलिबीत झालेले, बोट लावलं की आत जायचं आणि फेसाळ पाणी बाहेर. त्यावर ब्लँकेटांची लाल लव चिकटलेली, सगळ्यांवर, जणू बटाट्यांना केस आले होते. बासिलिया बाजूला जाऊन ओकली. मग सगळ्यांनी काय करावं? ती ब्लँकेटं उचलली, ओली, घाण, झटकली, आणि घरी नेली. कुणाला दोन मिळाली, कुणाला तीन. मलाही दोन मिळाली.

नासलेला माल लोकांनी ओढ्यात लोटला. मेंढ्या हुंगून मागे सरल्या. फक्त मावशीने आपला वाटा लोटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागरा खोचून एकटी त्या चिखलात उभी होती, तुडवत होती. पायाचा एक अंगठा तिला नाही, तो कुठल्यातरी जुन्या जूनने नेला. घोट्यापर्यंत काळा फेस चढला होता.

"मावशी, सोड ना. नासलंय ते."

"वर्षभर मी काय खाऊ, तुझा अंदाज?"

तिने ते पिळलं, वाळवलं, पोत्यात भरलं. त्या पोत्याजवळून जाताना कुत्रं वळसा घालायचं.

जुलैत इंजिनियर ओस्वाल्दो पुन्हा आला. त्याआधी पेपरात त्याचा फोटो आला होता आणि वर मथळा, च्यारपाताचं पीक थंडीपासून वाचवलं. आता त्याच माणसाच्या हातात कागद होते, थंडीमुळे झालेल्या नुकसानीचे. वाचवलं तेही त्यानेच आणि बुडालं तेही त्याच्याच कागदावर. मला म्हणाला, "कारभारी, नुकसानीचं कारण एका शब्दात लिहायचंय. गारठा. बस. त्यावर मदत येईल, शेवया, तांदूळ, डबे. दुसरं काही लिहिलंत तर फाइल पुढे सरकणार नाही." माझ्याकडे बघून बोलत नव्हता, बुटावरचा चिखल काडीने काढत होता.

त्रेसष्ट घरं होती. मी पहिली सही केली. बाकीच्यांनी सह्या केल्या, नाहीतर अंगठे लावले. सगळ्यांची पोरं जेवायची होती, मी कुणाला नावं ठेवत नाही. मावशीची पाळी आली. तिने विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

"गारठ्याने बटाटा नासला, असं."

"गारठ्याने माझं काय वाकडं केलं?"

"मावशी, नुसता कागद आहे. शेवया मिळतील."

"सत्तर वर्षं तो मला पोसतोय. नवऱ्याने पोसलं नाही, याने पोसलं. आता शेवयांसाठी मी त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ? उद्या जूनमध्ये कुठल्या तोंडाने त्याला बोलवू?"

इंजिनियर हसला. म्हणाला, "आजी, गारठ्याला वाचता येतं का?"

"तुला येतं ना," मावशी म्हणाली. "त्याचा काय उपयोग झाला?"

बासष्ट नावांवर मदत आली. त्रेसष्टावं घर कोरडं राहिलं. बासिलिया लपूनछपून तिच्या दारात तांदूळ ठेवायची. ते दुसऱ्या दिवशी आमच्या दारात असायचे, जसेच्या तसे. शेवया आम्ही खाल्ल्या. चिकट, पांढऱ्या, बेचव. एका मुखाने खायचो आणि दुसऱ्या मुखाने शिव्या द्यायचो. भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची आमच्यात धमक नव्हती. आम्ही भीकही घेतली आणि कुत्रंही पाळलं.

मावशी त्या वर्षी वाळत गेली. दारावरून गेलं की आतून शिजण्याचा वास यायचा, तो पठारावरचाच वास. बियाण्याच्या बटाट्यांना मात्र तिने हात लावू दिला नाही, स्वतःच्या पोटालाही नाही. वेळेवर लावले, वेळेवर काढले. जानेवारीत चाबूक माझ्या खांद्यावरून उतरून शेजाऱ्याकडे गेला. उतरला तेव्हा हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही.

पुन्हा जून उजाडला. मावशीच्या अंगणाच्या भिंतीवर रोज संध्याकाळी एक बटाटा दिसायला लागला. रोज सकाळी ती चावायची, थुंकायची आणि कुणाशी न बोलता आत जायची. सान हुआन जवळ आला. त्रेसष्ट घरांत बटाट्यांचे ढीग पडलेले आणि पसरायचं कधी ते कुणाला कळेना. विचारायला कुणाची जीभ उचलेना. रेडिओने अंदाज दिला, गुरुवारपासून थंडीची लाट. नवा कारभारी माझ्याकडे आला.

"तू जा."

"मी का? चाबूक तुझ्याकडे आहे."

"सही तुझी पहिली होती."

गेलो. दार उघडंच होतं. मावशी चुलीपाशी बसली होती, मडक्यात काहीतरी रटरटत होतं. तो वास. मी दारातच थबकलो.

"ये, इलारियो. बस."

"मावशी, गाव विचारतंय..."

"ताटली घे. आधी खा. रिकाम्या पोटी विचारू नये."

तिने मातीची ताटली माझ्या हातात दिली. त्यात मागच्या वर्षीचा चुन्यो, उकडलेला, वर मीठ. काळा नव्हता, करडा होता, मऊ. स्वतःसाठीही तेवढाच वाढून घेतला आणि खायला लागली, काही नसल्यासारखी. मी एक उचलून तोंडात टाकला. जिभेला लागला आणि पोट वर आलं. डोळे मिटून गिळला. दुसरा घेतला. ती हे वर्षभर खात होती, सकाळ-संध्याकाळ, आणि मी शेवया खात होतो.

"चांगलं चाव," ती म्हणाली. "कागदावर तू लिहिलंस की हे गारठ्याने नासवलं. आता चव बघून सांग. गारठ्याची चव आहे का?"

तिसरा चावताना दातांत काहीतरी अडकलं. जिभेने निघेना. बोट घालून ओढलं. लाल धागा होता, बोटभर लांब, ब्लँकेटाचा.

मावशीचं खाणं थांबलं. ती त्या धाग्याकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.

"सांग आता. कुणी नासवलं?"

इंजिनियर ओठांवर आला होता. साहेब आला होता, रेडिओ आला होता, ती रडकी पोरगीसुद्धा आली. ते सगळं मी चुन्योबरोबर गिळलं.

"मी, मावशी."

तिने मान हलवली. बटाटा चावून झाल्यावर भिंतीपाशी हलवते तशीच. मग मडक्यावर झाकण ठेवलं.

"सोमवारी पसरा," ती म्हणाली. "सोमवार, मंगळवार, बुधवार. आणि ताटलीतलं संपव."